थंड वासाचा माल

धाकट्याचं एक वाक्य कित्येक वर्षं अडून बसलं होतं. रोज दुपारी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, गांजाची सिगारेट वळायचा, दोन खोल झुरके घ्यायचा आणि डोळे मिटून बोलायला लागायचा, "माणूस घराबाहेर पडतो तेव्हा खरं तर तो..." इथे त्याचं गाडं अडायचं. ओठ हलवत तो पुढचा शब्द शोधायचा, मग मान हलवून स्वतःलाच सांगायचा, "धागा तुटला. पहिल्यापासून घे." की पुन्हा झुरका, पुन्हा तो माणूस, पुन्हा घराबाहेर. त्या माणसाने बाहेर पडून पुढे काय दिवे लावले हे त्याच्या थोरल्या बहिणीला आजवर कळलं नव्हतं. सुरुवातीला तिला उत्सुकता वाटायची, मग चीड यायला लागली, आणि आता तिला वाटायचं की तो माणूस एकदाचा बाहेर पडला तर निदान घरात थोडी जागा तरी होईल.

ताई कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या घडवायच्या आणि त्यात एकेक दात बसवायचा, हे तिचं काम. कुणाचा पुढचा दात मुळात किंचित वाकडा असेल तर ती तो तसाच ठेवायची. फार सरळ दात लावले तर बायको नवऱ्याला घरात घेणार नाही, असं ती बरोबरच्या बायकांना सांगायची. अर्ध्या गावाचं हसू तिच्या हातून गेलेलं होतं. स्वतः हसण्याची तिला फारशी सवड नव्हती, कारण जेवणाच्या सुट्टीत बस पकडून घरी यायचं, गॅस बंद आहे ना बघायचं, धाकटा खुर्चीत आहे ना बघायचं आणि परत जाऊन मेणाला हात लावायचा, यातच तिची उमर गेली.

या सगळ्याच्या मुळाशी मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतून काढून टाकलेले शिक्षक. वर्गात घड्याळ उलटं टांगलं म्हणून काढलं असं त्यांच्याभोवतीची मंडळी कौतुकाने सांगत. एका छापखान्याच्या वरच्या खोलीत ही मंडळी जमायची. घड्याळ नको, नोकरी नको, मालकी नको, लग्न नको, असा सगळा नन्नाचा पाढा होता. लग्न नको म्हणणाऱ्या त्या मंडळीत एकट्या मास्तरांचंच लग्न झालेलं होतं आणि सगळ्यांचा चहा त्यांच्या बायकोच्या हातचा असायचा, पण तेवढ्याकडे सगळे कानाडोळा करायचे. गांजा ओढणं ही त्या काळी नुसती चैन नव्हती, ती एक भूमिका होती. दारू सरकारची, तंबाखू कंपन्यांचा आणि गांजा आपला, असं मास्तर म्हणायचे, आणि पोलिसांनी एकदोघांना धरून नेलं तेव्हा तर ते सगळ्यांनाच पटलं.

त्या खोलीचा एक नियम होता. सिगारेट ज्याच्या हातात, तो बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. झुरका घ्यायचा आणि एक विचार सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये न अडखळता, सांगून दाखवायचा. अडखळला की सगळे म्हणत, "धागा तुटला," आणि सिगारेट पुढच्याच्या हातात जायची. सगळ्यांचा तुटायचा. मास्तरांचा कधीच तुटला नाही. त्यांची सिगारेट वेगळी असायची, कारण ते इतकं ओढतात की एकच सिगारेट फिरवली तर इतरांना पुरणार नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. संध्याकाळभर ते एकामागून एक ओढत राहायचे आणि त्यांचं बोलणं मात्र नळाच्या पाण्यासारखं अखंड चालू. मंडळींनी त्यातून एकच अर्थ काढला. गांजा माणसाचं डोकं बिघडवत नाही, तो फक्त कच्च्या आणि पक्क्या डोक्यांची निवड करतो.

धाकटा त्या मंडळीत सगळ्यात लहान आणि सगळ्यात हुशार. एकदा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले की हा मुलगा माझ्या पुढे जाईल. झालं. बाकीचे हळूहळू कामाधंद्याला लागले, कुणी दाढी काढली, कुणी घर बांधलं. धाकटा तेवढा मास्तरांच्या पुढे जायला बसला. त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली तेव्हाही त्याला वाटलं की आपण जवळ आलो आहोत. पहिल्यांदा त्याला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा ताईचं लग्न ठरलेलं होतं. ते मोडलं, आणि मोडलं ते बरंच झालं असं ती म्हणायची, पण तिला तसं कधीच वाटलं नाही.

आता तर कायद्यापासून सगळंच बदललं होतं. गांजा उजळ माथ्याने दुकानात मिळायचा, काचेच्या बरण्यांत, लेबल लावून. मास्तरांचा तरुणपणीचा चेहरा पिशव्यांवर छापलेला दिसायचा. धाकटा त्या दुकानांतून फिरायचा आणि एकच मागणी करायचा, थंड वासाचा माल आहे का. मास्तरांच्या कोपऱ्यातून त्या काळी एक थंडगार वास यायचा, नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जाणारा. तो माल धाकट्याला पुन्हा कुठे मिळाला नव्हता. दुकानातली पोरं बरण्या उघडून दाखवायची, हा नाक घालायचा, मान हलवायचा आणि जे असेल ते घेऊन यायचा. आपलं वाक्य अडतं ते मालामुळे, याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती. खरा माल मिळाला की धागा टिकणार होता.

मध्यंतरी तो घरातून गेला आणि सापडेना. शेवटी मिळाला तो रस्त्याखालच्या भुयारी वाटेत, भिंतीला कान लावून बसलेला. त्याने ताईला ओळखलं नाही. तिला "बाई, जरा हळू बोला," म्हणाला. पुष्कळ दिवसांनी तो ताळ्यावर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून सांगितलं की गांजा पूर्ण बंद झाला पाहिजे, पुढच्या खेपेला तो परत तुम्हाला ओळखेल याची मी खात्री देत नाही. ताईने सगळं करून बघितलं होतं. लपवलं, ओरडली, रडली, बेसिनमध्ये धुऊन टाकलं. तो भांडायचा नाही, नुसता चप्पल घालून माल शोधायला बाहेर पडायचा, आणि त्याने बाहेर पडावं याचीच तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. शेवटी तिने हात टेकले. मग तिला सुचलं की जगात एकच माणूस असा आहे ज्याने सोड म्हटलं तर धाकटा सोडेल. ज्याने लावलं त्यानेच सोडवावं, म्हणून ती त्याला घेऊन मास्तरांकडे गेली.

मास्तर लिफ्ट असलेल्या इमारतीत राहत होते. अंगाने पार वाळले होते, मांडीवर शाल, शेजारी वाफ घ्यायचं मशीन. धाकटा खुर्ची असताना जमिनीवर बसला, पूर्वी बसायचा तसा, मांडी घालून आणि पाठ ताठ ठेवून. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की ताईला क्षणभर त्याचा हेवा वाटला. वहिनींनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मास्तरांची बायको सगळ्यांचीच वहिनी होती आणि अजूनही तशीच होती, पदराला हात पुसत बोलणारी, गोड.

स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिन्याच्या कुंड्या होत्या आणि ओट्याच्या कडेला कागदावर पुदिन्याची पानं सुकत घातली होती. एवढा पुदिना कशाला, असं ताईने सहज विचारलं. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या की आता कशालाच नाही, हाताला सवय लागली म्हणून सुकवते. मग कप विसळता विसळता त्यांनी सांगितलं.

"यांच्या सिगारेटीत हाच असायचा की गं. यांना लहानपणापासून दमा. गांजाचा एक झुरका घेतला की जमिनीवर आडवे. मग मी पुदिना वळून द्यायची, तेवढा यांना सोसायचा, आणि टोक दुमडून ठेवायची म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको. मला वाटायचं, सगळ्यांना ठाऊक असेल."

ताईच्या हातातला कप खाली ठेवायचा राहून गेला. इतकी वर्षं तिने मास्तरांचा राग केला होता, पण त्या रागातही थोडा धाक होता, की बाबा रे, हा माणूस काहीतरी वेगळा असला पाहिजे, आपला धाकटा त्याला पुरा पडला नाही. आता तिच्या डोळ्यांसमोर ती खोली आली, धूर खाऊन लाल झालेले सगळ्यांचे डोळे, आणि मधोमध स्वच्छ डोक्याने बोलणारा एक माणूस. तिला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वहिनींना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी उलट मूठभर सुका पुदिना कागदात बांधून तिला दिला, चहात घाल म्हणून.

ताईने धाकट्याला कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने आत पाठवलं आणि मास्तरांसमोर बसली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. तुम्ही त्याला सोड म्हणा, बाकी काही नको, असं म्हणाली. मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी हळू, दम घेत घेत सांगितलं की मी कधी कुणाला ओढ म्हणालो नाही, मग सोड तरी कसं म्हणू. कुणी कुणाला हुकूम करायचा नाही, हेच तर आमचं सगळं म्हणणं होतं.

"मग पुदिन्याचं तरी सांगा त्याला," ताई म्हणाली.

मास्तरांनी मांडीवरची शाल वर ओढली. त्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती. ते खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र ताईने पुढे कबूल केलं.

"सगळे ओढत बसायचे," ते म्हणाले, "आणि मी एकटाच कोरडा. त्यांच्यात बसायचं होतं मला. कोरडं बसायची हिंमत नव्हती. पुढे मग सांगायची वेळ निघून गेली."

वेळ निघून गेली ती तुमची, आयुष्य गेलं ते त्याचं, असं ताईच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात धाकटा ओले हात घेऊन आला आणि पुन्हा जमिनीवर बसला. ताईने मास्तरांकडे नजर रोखून बघितलं. आता तरी बोला, एवढंच त्या नजरेत होतं. मास्तरांनी नजर चुकवली. त्यांनी धाकट्याला विचारलं की सध्या काय चाललंय तुझं. धाकट्याने डोळे मिटले आणि हातात काही नसताना ते वाक्य सुरू केलं. "खरं तर तो..." इथवर आला आणि थांबला. 

मास्तरांनी वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "छान आहे," ते म्हणाले. "चालू ठेव."

परतीच्या बसमध्ये धाकटा कधी नव्हे तो भरभरून बोलत होता. मास्तरांनी खांद्यावर हात कसा ठेवला, किती वेळ ठेवला, पुन्हा पुन्हा तेच. घरी आल्यापासून त्याची खुर्ची दुपारऐवजी सकाळीच भरायला लागली. एकाच्या जागी तो तीन तीन सिगारेटी वळायला लागला. भिंतीकडे मान कलती करून बसायला लागला. ताई लॅबमध्ये कुणाच्या तरी हिरडीला आकार देत असायची आणि तिचा जीव घरी टांगणीला लागलेला असायचा. एकदा तिने वरचे दात खालच्या साच्यात बसवले. मालकाने थट्टेत विचारलं की गिऱ्हाईकाला डोक्यावर उभं राहून जेवायचंय का, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. मग तिने ठरवलं की मास्तर सांगणार नसतील तर आपण सांगायचं. नुसतं सांगून त्याला पटणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने वहिनींनी दिलेली पुडी उघडली, पानं चुरली आणि सिगारेट वळली. मेणात काम करून करून तिची बोटं तयार होती. सिगारेट सुबक झाली. टोक तिने दुमडलं.

धाकट्याने ती पेटवली आणि पहिल्याच झुरक्याला त्याचे डोळे उघडले. "हा तोच," तो म्हणाला. "मास्तरांच्या कोपऱ्यातला. ताई, कुठे मिळाला तुला?"

ती त्याच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पुदिना, दमा, दुमडलेलं टोक, कोरडं बसायची भीती. काही झाकून ठेवलं नाही. तो रडेल, उठून जाईल, तिला खोटी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. तो हातातल्या सिगारेटकडे बघत राहिला आणि मग चक्क हसला.

"म्हणजे गांजा नव्हताच," तो म्हणाला. "मग धागा टिकणारच की."

तो आता पुदिन्यावर ते वाक्य पुरं करून बघणार होता. हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती त्याला थांबवणार होती, पण तोवर त्याने पाठ ताठ केली होती. त्याने झुरका घेतला, डोळे मिटले आणि स्वच्छ, भरदार आवाजात, तरुणपणी बोलायचा तसा, म्हणाला, "माणूस घराबाहेर पडतो तेव्हा खरं तर तो..."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. धाकट्याचे ओठ हलत होते. ताईने आयुष्यात कधी काही मागितलं नसेल इतक्या तळमळीने तिने त्या वेळी एक शब्द मागितला, कुठलाही, चुकीचा चालेल, अर्थ नसलेला चालेल. शब्द आला नाही. त्याने पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तिथेच. आणखी एकदा घेतलं, आणि या वेळी तर तो "खरं तर"पर्यंतही पोचला नाही.

त्याने डोळे उघडले. त्याला कळलं होतं. ताईने ते त्याच्या चेहऱ्यावर बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे मालाचा दोष नव्हता."

तो उठला, गादीखालचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर आणून ठेवला. टाकून दे म्हणाला. याने काही व्हायचं नव्हतं, म्हणाला. ज्या डब्यासाठी तिने अर्धं आयुष्य डोकं फोडलं होतं तो डबा त्याने आपण होऊन दिला होता, आणि तिला जराही आनंद झाला नाही. चांगला माल मिळाला की सगळं जुळेल, एवढ्या एका आशेवर तो इतकी वर्षं रोज खुर्चीत बसत होता. ती आशा तिने आज त्याच्याकडून काढून घेतली होती. तिला वाटलं, डबा त्याला परत द्यावा. मग भुयारी वाटेतलं ते "बाई, जरा हळू बोला" आठवलं, आणि ती डबा घट्ट धरून बसली.

तो नुसता बसला होता, रिकाम्या तोंडाने, सिगारेट बोटांत तशीच जळत होती. त्या गप्प बसण्याची तिला भीती वाटली. काय करतोय हे न कळून तिने हात पुढे केला आणि सिगारेट त्याच्या बोटांतून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा झुरका मारला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. धाकट्याने जुन्या सवयीने मान खाली घातली आणि तोंड मिटलं, कारण सिगारेट आता तिच्या हातात होती.

"माणूस घराबाहेर पडतो," ताई म्हणाली. इतक्यांदा ऐकलेलं वाक्य, ते आपोआप निघालं. "तेव्हा खरं तर तो एकटा जात नाही. मागे जी राहते तिलाही तो घेऊन जातो. मग ती बस पकडते, दात बसवते, दुपारी येऊन गॅस बघते, आणि लोकांना वाटतं की ही घरातच आहे. पण ती घरात नसते. ती त्याच्यामागे, कुठे कुठे... आणि तिला कुणी एकदाही..."

तिने पुढचं बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द हुंदक्यात गेले. राख तिच्या साडीवर पडली. धाकटा हलला नाही. तो ऐकत होता, त्या वरच्या खोलीत ऐकायचा तसा, पूर्ण कान देऊन. इतक्या वर्षांत त्याने तिचं असं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"धागा तुटला," तो हळूच म्हणाला.

नियमाप्रमाणे सिगारेट आता पुढच्याच्या हातात जायची, पण तिथे पुढचं कुणी नव्हतं. त्याने ती तिच्याच हातात राहू दिली आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"घाई नाही, ताई. पहिल्यापासून घे."